मी न मागितलेल्या नोकरीबाबत

अर्जदार : सुखदेव नारायणराव काळबांडे, वय बावन्न वर्षे, धंदा अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण तहसील कचेरीचे आवार, कडुलिंबाखालील तिसरे टेबल, रिसोड, जिल्हा वाशिम.

गैरअर्जदार : एक सॉफ्टवेअर. वय, वडिलांचे नाव व राहण्याचे ठिकाण माहीत नाही.

जिचे नुकसान होत आहे ती : सौ. मंदा गजानन इंगोले, वय चौतीस वर्षे, राहणार रिसोड, माहेर इंझोरी.

साक्षीदार क्रमांक एक : फिरोजभाई, झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्मचे दुकान, कचेरीच्या फाटकासमोर.

साक्षीदार क्रमांक दोन : गोदामाच्या व्यवस्थापक मॅडम. नाव लिहू नये असे त्यांनी सांगितले आहे, सबब लिहिलेले नाही.

घटनेचा कालावधी : श्रावणातील दुसऱ्या सोमवारपासून आजतागायत.

संपादक महोदयांनी मला बजावले आहे की व्यवसायातील अनुभव लिहा, पण जन्मापासून सुरू करू नका. वस्तुतः माझा जन्म वाचनीय आहे. तथापि दिवाळी अंकाची पाने मर्यादित असल्याने मी तो वगळतो. शिक्षणाबाबत एवढेच नमूद करतो की मी नववीपर्यंत शिकलो. पुढे हेडमास्तरांशी मतभेद झाले आणि त्यात शाळेचे नुकसान झाले.

अर्जलेखक म्हणजे काय हे शहरातील वाचकांस ठाऊक नसेल. पूर्वी ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज आम्ही लिहीत असू. आता सर्वांनाच लिहिता येते. फक्त कचेरीला कळेल असे लिहिता येत नाही. माणूस येतो, तासभर बोलतो, शिव्या देतो, रडतो, पुन्हा शिव्या देतो. त्यातून 'उपरोक्त विषयान्वये' एवढे काढून घेणे ही कला आहे. ती मला अवगत आहे हे मी सांगत नाही, आवारातील कोणासही विचारावे.

उदाहरणादाखल एक प्रकरण. कामरगावकडच्या एका बाईचा दीर काळीपिवळी जीप चालवी. घरात जेवणावरून काही बोलाचाली झाली आणि दिराने वहिनीच्या थांब्यावर जीप थांबवणे बंद केले. बाई मजकडे आली. तहसीलदार साहेबांना दिरावर काही अधिकार नाहीत हे मला माहीत होते. तरी मी दोन पानी अर्ज लिहिला आणि खाली ओळ घातली : 'प्रत माहितीस्तव सादर : दिराची सासू.' अर्ज कचेरीत पोहोचलाच नाही. प्रत पोहोचली. दुसऱ्या दिवशी जीप थांबली, एवढेच नव्हे तर वहिनीस पुढची सीट मिळाली. प्रत कोणास द्यावी हे ज्यास कळले त्यास अर्ज कळला.

आमच्या धंद्याचा दुसरा नियम असा की अर्जदार नेहमी गरीब असतो. शेतरस्त्याच्या तक्रारीसाठी एकदा एक गृहस्थ आले. दोन ट्रॅक्टर, बोटात अंगठी, मागे चारचाकी उभी. मी लिहिले, 'अर्जदार हा अत्यंत गरीब, भोळा व असहाय इसम असून...' ते खेकसले, "काळबांडे, लोकं हासतीन ना बे!"

मी म्हणालो, "लोकं हसू द्या. साहेब रडला पाहिजे."

रस्ता मोकळा झाला. तीस वर्षे मी याच पद्धतीने चाललो. माझ्या टेबलावर आलेला पहिलवान अशक्त झाला, सरपंच निराधार झाला आणि सात भावांची बहीण एकाकी झाली. हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण पुढे येईल.

श्रावणातील दुसऱ्या सोमवारी मंदाबाई माझ्या टेबलाशी आल्या. धान्य बाजाराजवळच्या एका खाजगी वजनकाट्यावर त्यांनी अकरा वर्षे काम केले होते. मालकाने ती जागा विकली; तेथे मंगल कार्यालय होणार आहे. मंदाबाईंचे यजमान गजाननराव दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. त्यांच्या भावाने पुण्यात दोघांसाठी काम पाहून ठेवले होते आणि दिवाळीनंतर निघायचे असे घरात ठरत आले होते.

"मले जायाचंच नाई काकाजी," मंदाबाई म्हणाल्या. "पोरगी दहावीत हाय. तिले इंझोरीले माह्या मायजवळ ठेवा लागते. माय अर्धी बहिरी, पोरगी मोबाइलात. दोघी दिवसभर एकमेकीले 'काय?' 'काय?' करत बसतीन. पोरगी पास कवा होईन?"

"मग उपाय?"

त्यांनी मोबाइलवरील जाहिरात दाखवली. वाशिम रस्त्यावर एका कंपनीने धान्याचे मोठे गोदाम बांधले आहे. तेथे 'वजन व आवक सहायक' हे एक पद भरायचे होते. एकच. यजमानांनी कबूल केले होते की ही नोकरी लागली तर पुणे रद्द, नाही लागली तर बिऱ्हाड हलणार. म्हणजे सर्व भार माझ्या लेखणीवर आला. तो योग्य ठिकाणी आला असे मला त्या वेळी वाटले.

मी पाच पाने लिहिली. आरंभ 'मायबाप कंपनी सरकार' असा केला. पुढे अर्जदार ही अबला, निराधार, अल्पशिक्षित, पती असून नसल्यासारखा, इत्यादी. वाचून दाखवू लागताच मंदाबाईंनी हात वर केला.

"नवऱ्याचं हे काय लिवलं जी?"

"ती अर्जाची भाषा आहे."

"अवो, थो धडधाकट बाहीर उभा हाय! चायवाल्यासंग भांडून राह्यला. आवाज येत नाई काय तुमाले?"

आवाज येत होता. तरी मी बदल केला नाही. फिरोजभाईंच्या दुकानी पाचही पाने स्कॅन करून कंपनीच्या साइटवर चढवली. फिरोजभाईंनी चहा मागवला. त्या चहावर साय धरण्यापूर्वी उत्तर आले : आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार, परंतु आपला अनुभव या पदाशी जुळत नाही.

वाचकहो, माझे अर्ज हरवले आहेत. उंदरांनी खाल्ले आहेत. एक अर्ज चार वर्षे शिपायाच्या चहाच्या कपाखाली होता. पण न वाचता नाकारलेला एकही नाही. एका पानास दोन वर्षे लावणारे अधिकारी मी पाहिले आहेत. पाच पानांस दोन मिनिटे लावणारा कोण हा, असे मी फिरोजभाईंस विचारले.

"काका, तिकडं साहेब बसेलच नाई," फिरोजभाई म्हणाले. "मशीन हाय. तुमी मशीनले मायबाप म्हनून राह्यले."

त्यांनी मग जे समजावले ते मी सामान्य वाचकांसाठी सोपे करून देतो. मोठ्या कंपन्यांकडे अर्जांचा ढीग येतो. तो प्रथम माणूस वाचत नाही, सॉफ्टवेअर वाचते. जाहिरातीत जे शब्द आहेत, म्हणजे वजन, आवक, ओलावा, नोंद, ते अर्जात आहेत काय हे ते पाहते. नाव कोठे, फोन कोठे, अनुभव किती, हे उचलून आपल्या रकान्यात भरते आणि गुण देते. जास्त गुणांचे अर्ज तेवढे माणसापुढे जातात. त्याला दया हा रकानाच नाही.

"मग त्याच्यापुढे कसे लिहायचे?"

"त्याच्या भावाकडून लिवून घ्यायचं," असे म्हणून फिरोजभाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. त्यावर एआय होते. त्याच्याशी मराठीत बोलता येते, ते कंपनीची जाहिरात वाचून तिला साजेसा बायोडेटा तयार करते. सारांश, एक यंत्र लिहिणार, दुसरे यंत्र वाचणार आणि माणूस मध्ये आधार कार्ड हातात धरून उभा राहणार. साइटवर शेवटच्या तारखेआधी सुधारित अर्ज एकदा टाकता येत होता. मी खुर्ची पुढे ओढली.

यंत्राने प्रथम मला नमस्कार केला. मी माझा परिचय दिला आणि प्रकरण थोडक्यात सांगितले. ते म्हणाले, 'हा अत्यंत महत्त्वाचा मुद्दा आपण मांडलात.' तीस वर्षांत कचेरीत कोणी मला असे म्हटलेले नाही. माझे मत तत्काळ अनुकूल झाले.

परंतु त्याने तयार केलेला पहिला मसुदा फिरोजभाईंनी मोठ्याने वाचला तेव्हा मंदाबाई दचकल्या. 'धान्य पुरवठा साखळीतील दूरदर्शी नेतृत्व. गतिमान वातावरणात बहुविध संघांचे यशस्वी व्यवस्थापन.'

"हे कोन बाई हाय?" मंदाबाईंनी विचारले.

"तुमीच," फिरोजभाई म्हणाले.

"माह्या हाताखाली कोन्ता संघ होता? दोन हमाल होते, थे बी दुपारी झोपत."

मी अर्जात गरिबी वाढवली असेल, पण न केलेले काम कोणाच्या नावावर कधी लिहिले नाही. मी यंत्रास कडक शब्दांत कळवले की खोटा मजकूर चालणार नाही, प्रतिज्ञापत्राचा विषय आहे. ते म्हणाले, 'आपण अगदी बरोबर आहात, क्षमस्व.'

"काका, लय खूश नका होऊ. थे सगळ्यायलेच असं म्हनते," फिरोजभाई म्हणाले.

सगळ्यांना म्हणत असेल. मी खरोखर बरोबर होतो.

त्यानंतर यंत्राने एक प्रश्न विचारला. मंदाताईंनी कामावर रोज नेमके काय केले आणि कोणती अडचण स्वतःच्या हुशारीने सोडवली? मी मंदाबाईंकडे वळलो. त्यांनी पदर नीट केला, बाहेर पाहिले, मग म्हणाल्या, "असं तं कोनं विचारलंच नाई कवा."

आणि मग त्या थांबेनात.

वजनकाट्याचा व्यवहार असा असतो. भरलेली गाडी आधी काट्यावर चढते, माल उतरवून रिकामी गाडी पुन्हा चढते, दोन वजनांतील फरक म्हणजे माल. लबाडीही तेथेच. भरल्या गाडीच्या वेळी केबिनमध्ये तीन माणसे बसवायची आणि रिकामीच्या वेळी त्यांना चहाला पाठवायचे. मग तीन माणसे सोयाबीन म्हणून विकली जातात. मंदाबाई गाडीबरोबर डोकीही मोजत.

"एक डाव ताडपत्री हालली," त्या सांगू लागल्या. "म्या म्हटलं ड्रायव्हरले, भाऊ, तुह्या सोयाबीनले खोकला कायले येऊन राह्यला? ताडपत्री काहाडली तं आत त्याचा मामा! चांगला जाडजूड. म्या म्हटलं, मामाले उतरव, नाई तं मामाची बी पावती फाडतो."

फिरोजभाई इतके हसले की एका गिऱ्हाईकाचे रेशनकार्ड उलटे झेरॉक्स झाले. मंदाबाई पुढे सांगत होत्या. दाणा दातांखाली धरला की ओलावा कळतो. काटा रोज सकाळी रिकामा शून्यावर आहे की नाही हे त्या पाहत. अकरा वर्षांत त्यांच्या पावतीवरून भांडण झाले, पण पावती खोटी निघाली नाही.

मी टाइप करत होतो आणि मनात एक गोष्ट टोचत होती, ती येथे प्रामाणिकपणे नोंदवतो. तीस वर्षे माझ्या टेबलासमोर माणसे बसली. मी प्रत्येकास विचारले, तुमचे काय गेले? तुम्हाला काय येते, असे एकासही विचारले नाही. समोरची बाई ताडपत्रीखालचा मामा ओळखते आणि मी तिला पाच पाने निराधार लिहिले होते.

दुसरा मसुदा एका पानाचा झाला आणि तो उत्तम होता. माझ्या सूचनांमुळे झाला असे यंत्रानेही मान्य केले. येथपर्यंत सर्व ठीक होते. यापुढील दोष माझा आहे, पण सर्वस्वी माझा नाही.

यंत्राने पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'मंदा गजानन इंगोले' असे घातले होते. आमच्या धंद्यात अर्जदाराचे नाव डोक्यावर ठळक घालणे उद्धटपणा समजतात. नाव खाली, सहीपाशी, नम्रपणे असावे. सबब मी ते काढून तळाशी बारीक अक्षरांत 'अर्जदाराची सही अगर अंगठा' या रेघेखाली नेले. तसेच प्रत्येक अर्जाखाली लिहिणाऱ्याचा शेरा असतो. तो नसेल तर अर्ज बेवारस. म्हणून मी घातले : 'सदर मजकूर अर्जदारास वाचून दाखवला, तो बरोबर असल्याचे अर्जदाराने कबूल केले. लिहिणार : सुखदेव नारायणराव काळबांडे, अर्जलेखक, रिसोड.' आणि माझा मोबाइल क्रमांक. हा शेरा नजरेत यावा म्हणून ठळक केला, आणि अक्षर किंचित मोठे केले.

"काका, हे राहू द्या ना," फिरोजभाई म्हणाले. "मशीन गडबडते."

यंत्रानेही नम्रपणे सुचवले की शेरा काढल्यास बरे. मी दोघांसही सांगितले की तुम्ही आपापले काम करा.

नेमके तेव्हा दुकानात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणाऱ्या मुलींचा घोळका आला आणि फिरोजभाई तिकडे गेले. मंदाबाई यजमानांना चहावाल्यापासून सोडवायला गेल्या होत्या. मी एकटाच होतो. पान चढवले. साइटने आपोआप पुढचा फॉर्म भरून दाखवला. नावाच्या रकान्यात 'सुखदेव नारायणराव काळबांडे' असे आले. फोनच्या रकान्यात माझा फोन. खाली विचारले होते, माहिती बरोबर आहे काय?

मी माझे नाव वाचले. माहिती बरोबर होती. कंपनीने लिहिणाऱ्याची स्वतंत्र दखल घेतली याचे मला समाधान वाटले आणि मी 'होय' दाबले.

गणपती बसल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर संदेश आला. 'प्रिय सुखदेव, अभिनंदन! आपला वजनकाट्यावरील अकरा वर्षांचा अनुभव प्रभावी आहे. मुलाखतीस यावे.' मी तो आवारात चार जणांना दाखवला. अर्ज इतका चांगला होता की कंपनीने लेखकाला आधी कळवले, असा खुलासाही केला. पाचवे फिरोजभाई. त्यांनी संदेश वाचला आणि जमिनीवर बसले.

"काका, नोकरी तुमाले लागून राह्यली!"

मंदाबाईंना बोलावले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी संदेश दोनदा वाचला, मोबाइल माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "काकाजी, यांनी पुन्याचं सामान बांधायले पोते आनले. तुमी माहं नाव बारीक काहून केलं?"

मी फिरोजभाईंना साइट उघडायला लावली. शेवटची तारीख उलटली होती. नवीन अर्ज टाकता येत नव्हता. तेव्हा एकच मार्ग उरला : मुलाखतीस मी अर्जदार म्हणून जावे आणि मंदाबाईंनी साक्षीदार म्हणून यावे.

गोदामाच्या फाटकावर चौकीदाराने फक्त मला आत सोडले. मंदाबाईंबाबत विचारता मी म्हणालो, "ह्या माझा अनुभव आहेत." त्याला काही कळले नाही, म्हणून त्याने दोघांनाही सोडले.

व्यवस्थापक मॅडम नागपूरच्या, वयाने तरुण. माझा, म्हणजे मंदाबाईंचा, कागद त्यांच्यापुढे होता.

"काळबांडेजी, हे ताडपत्रीखालच्या माणसाचं मला फार आवडलं. तुम्हाला कसं कळलं हो?"

मी घसा साफ केला. "महोदया, सदर इसम हा सदर ताडपत्रीखाली सदर वेळी..."

"खोकला जी त्यानं," दारातून मंदाबाई म्हणाल्या.

"बरं. सोयाबीनमध्ये ओलावा जास्त आहे हे यंत्राशिवाय कसं ओळखता?"

"चौकशीअंती," मी म्हणालो.

"दाताखाली धरला अन् कट् वाजला तं वाळेल. दबला तं ओला," दारातून मंदाबाई.

मॅडमने पेन खाली ठेवले. एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे पाहिले. "ह्या कोण?"

तेव्हा मी उभा राहून सर्व हकीकत सांगितली. खोटे बोलून नोकरी मिळवणारे मॅडमने पाहिले असतील. खरे बोलून नोकरी नाकारणारा पहिलाच असावा. त्या हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "चला, काट्यावर जाऊ."

बाहेर एक रिकामा ट्रक वजनासाठी उभा होता. कॉम्प्युटरवर आकडा आला होता, काट्यावरचा मुलगा पावती काढणार एवढ्यात मंदाबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"भाऊ," त्यांनी ड्रायव्हरला हाक दिली, "गाडी जरा पुढं घे ना."

"काहून वं बाई?"

"मांगचं चाक काट्याच्या खाली उतरेल हाय. त्याले बी वर घे. थे काय उपाशी हाय?"

चाक अर्धे जमिनीवर होते. रिकामी गाडी हलकी दिसली की माल भारी दिसतो, हे एव्हाना वाचकांस कळलेच असेल. गाडी पुढे आली, आकडा वर चढला आणि ड्रायव्हर मोबाइल पाहू लागला. मॅडम मंदाबाईंना म्हणाल्या, "ताई, जागा तुमची. नावाचं तेवढं मी मुख्य ऑफिसला कळवते."

आम्ही परतताना फरसाण घेतले. ते घाईचे झाले.

मॅडमने निवड झाल्याचे कळवले. परंतु सॉफ्टवेअरमध्ये त्या उमेदवाराचे नाव सुखदेव होते. नेमणूकपत्र माझ्या नावे आले. त्यात अट होती की सात दिवसांत नकार न आल्यास होकार समजण्यात येईल. मी नकार देणारच होतो, पण मॅडमने फोन करून थांबवले. मी नोकरी सोडली तर पद रिकामे होऊन पुन्हा जाहिरात निघेल, राज्यभरातून अर्ज येतील. नाव दुरुस्त होईपर्यंत काही करू नका, असे त्यांनी सांगितले. दुरुस्तीसाठी त्यांनी तीन वेळा कळवले. तिन्ही वेळा उत्तर आले, 'आपली विनंती आम्हास महत्त्वाची वाटते.' तेही यंत्रच.

परिणामी आज स्थिती अशी आहे. मी नोकरीत आहे आणि कामावर नाही. मंदाबाई कामावर आहेत आणि नोकरीत नाहीत. पगार माझ्या नावाने येतो, तो मी जसाच्या तसा त्यांच्या हाती देतो. गळ्यात 'पाहुणे' असे लिहिलेला पास घालून त्या रोज आवक मोजतात. कॉम्प्युटर माझ्या नावाने उघडतो. दसऱ्यापासून सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागली आहे, आणि ट्रॅक्टरवाले त्यांना हाक मारतात, "ओ पाहुणेबाई, आमचं बी मोजा ना!"

मला सुरक्षेचे बूट आले, नऊ नंबरचे. गैरहजेरीबद्दल ताकीद आली. 'प्रिय सुखदेव, तुम्ही ठीक आहात ना?' अशी चौकशी आली. आणि मागील आठवड्यात एकाच सकाळी दोन पत्रे आली : पहिल्यात सततच्या गैरहजेरीबद्दल अखेरची नोटीस, आणि दुसऱ्यात वजनात एकही चूक न केल्याबद्दल मी महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी.

ते प्रमाणपत्र मी फ्रेम केले. कडुलिंबाला खिळा ठोकून टेबलामागे लावले. कबूल करतो की दोन दिवस ते तेथे होते आणि मला बरे वाटत होते. तिसऱ्या दिवशी मंदाबाई कामावरून येताना थांबल्या. अंगावर गोदामाची धूळ होती. त्यांनी प्रमाणपत्र पूर्ण वाचले, अगदी तळापर्यंत.

"छान दिसते," म्हणाल्या. "माहा पास दिवाळीपुरताच हाय, काकाजी. मॅडम म्हने, पुढं पाहुनी म्हनून ठेवता येत नाई. यांनी गाडीचं तिकीट पाहून ठेवलं."

"पोरगी काय म्हणते?"

"थे म्हनते, आजीले आयकू जाईन असं बोलाचं शिकून घेतो आता."

त्या गेल्यावर मी फ्रेम उतरवली. एआयकडे जाऊन दुसऱ्या यंत्राची तक्रार लिहून मागितली. त्याने 'परस्पर सहकार्याच्या भावनेने' असे काहीतरी गुळगुळीत लिहिले. भाऊबंद आहेत, कोण कोणाविरुद्ध बोलणार? म्हणून हा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, व दिवाळी अंकातून प्रसिद्ध करत आहे, कारण अंक माणसे वाचतात. त्यांपैकी कोणी त्या कंपनीच्या मुख्य ऑफिसात असल्यास हा भाग अर्ज समजावा.

नोकरीवरून कोणास काढू नये म्हणून मी आजवर शेकडो अर्ज लिहिले. काढावे म्हणून लिहिलेला हा पहिलाच, आणि यात अर्जदार गरीब नाही, भोळा नाही, निराधार तर मुळीच नाही. त्याने चूक केली आहे. सबब विनंती की, अर्जदारास, म्हणजे मला, 'वजन व आवक सहायक' या पदावरून काढून टाकावे. त्याच क्षणी, त्याच जागी, मध्ये जाहिरात न काढता, सौ. मंदा गजानन इंगोले यांचे नाव घालावे. त्यांना काय येते ते मागील पानांवर आले आहे. त्यांचे काय गेले हे विचारण्याची वेळ येऊ देऊ नये. निर्णय दिवाळीपूर्वी व्हावा. तो एखाद्या माणसाने वाचून, माणसाच्या सहीने द्यावा.

उत्तर मात्र माझ्या मोबाइलवर पाठवू नये. मंदाबाईंना कळवावे.